पाटलीणबाईची ताटं

माझी नात ऋतुजा युनिव्हर्सिटीत शिकते. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलं नाही, अशा मुलांसाठीची शिष्यवृत्ती तिला मिळाली आहे. तिच्या अर्जाबरोबर घरच्या शिक्षणाबद्दल थोडं लिहून द्यायचं होतं. ते तिनं मला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, की माझ्या आजीची मोठी बहीण कमल मॅट्रिक पास होऊनही गरिबीमुळे कॉलेजात जाऊ शकली नाही. मी म्हटलं, खोटं आहे हे, खोड. ती म्हणाली, "आजी, गरीब तं होते ना तुम्ही?" होतो. पण गरिबीला हात नसतात, ती कोणाच्या घरी ताटं पाठवत नाही. कमलताईला पाटलीणबाईनं थांबवलं. ऋतुजाच्या कागदावर जागा थोडी होती, म्हणून तिथं गरिबीच राहिली. इथं जागा पुष्कळ आहे. पाटलीणबाई मरून फार वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ती जिवंत होती तेव्हाही मी तिच्याबद्दल चांगलं बोलले नाही. मेल्यावर तिनं असं काय केलं की मी आता बोलावं?

आमचं गाव रामपायलीच्या रस्त्यावर, चहूकडून धानाच्या बांध्या. गावाच्या एका अंगाला आमची बौद्ध टोली आणि मधोमध पाटलांचं कौलारू घर. बाबा पाटलांकडे सालानं गडी राहिलेले होते. माय आणि मी त्यांच्या मागच्या पडवीत ढेकीवर धान कांडायचो. ढेकी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, ते एक लांब लाकूड असतं. एका टोकाला पाय द्यायचा, दुसरं टोक उचललं जाऊन उखळीत आपटतं. पाय देणारी एक आणि उखळीत हात घालून धान वरखाली करणारी दुसरी. हाताचा आणि पायाचा मेळ चुकला तर बोटं जातात. माझा पाय असायचा आणि मायचा हात. तो धम्म धम्म आवाज अजून माझ्या पोटरीत आहे. गिरणी आलेली होती, पण पाटलीणबाईला चिन्नोर गिरणीचा चालत नसे. गिरणीत वास जातो म्हणायची. चिन्नोर म्हणजे आमच्या बालाघाटचा बारीक तांदूळ. एका घरी शिजला की चार घरांना कळतं. तो आम्ही कांडायचो, पाखडायचो, आणि घरी येऊन जाड्या तांदळाची पेज प्यायचो. तोंडी लावायला जवसाची चटणी, नाहीतर अंबाडीची भाजी. नाल्याला पाणी असलं तर मासोळ्या. उपाशी मेलो नाही. पण चिन्नोर काय चवीचा असतो हे मला बरीच वर्षं फक्त नाकानं माहीत होतं.

मी पाचवी पास झाले आणि शाळा सुटली. मायला ढेकीवर एक पाय हवा होता, आणि ताईचा पाय रामपायलीच्या वाटेवर होता. दोघींपैकी एकच जाऊ शकत होती. ती मोठी होती आणि माझ्याहून हुशार होती, म्हणून ती गेली. मला कोणी विचारलं नाही आणि मी रडलेही नाही. पण एक गोष्ट मी मनात पक्की धरली होती, की ताई शिकते आहे ती माझ्या पायावर. तिची शाळा अर्धी माझी आहे. संध्याकाळी ती चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. मी भाकरी थापताना ऐकायची. मधेच थांबवून विचारायची, "ताई, हे भूमध्य समुद्र कुठं आलं?" ती म्हणायची, "तुह्या तव्याच्या पलीकडं." तशी ती मोजकंच बोलायची, पण बोलली की लागायचं. आम्ही दोघी एकाच फाटक्या गोधडीत झोपायचो आणि ती झोपेतही पाठांतर करायची. मी तिला कोपर मारायची, "चूप राय, सकाळी मले कांडाले जायचं आहे."

त्याच वर्षी पाटलीणबाईचा मुलगा हिरालालही मॅट्रिकला बसला होता. आधी एकदा बसून नापास झालेला. त्याला शिकवायला गावातले मास्तर घरी यायचे, दूध-तूप खाऊ घालून त्याला बसवलं जायचं. निकाल लागला तेव्हा आमची ताई पास झाली आणि हिरालाल परत राहिला. आम्ही पडवीत कांडत होतो तेव्हा पाटलीणबाई आली, दाराला टेकून उभी राहिली आणि मायला म्हणाली, "तुही पोरगी पास झाली म्हणते. औंदा पेपर लई सोपा होता म्हणतेत." मायनं मान खाली घालून म्हटलं, "हौ जी." मी ढेकीवरून बोलले, "मंग हिरालालभाऊ काहून राह्यले?" मायनं उखळीतून हात काढून माझ्या पायावर चापट मारली. पाटलीणबाई हसली. ती हसली की फार सुंदर दिसायची, हे मी कबूल करते. गोरीपान, कपाळावर मोठं कुंकू, हातात पाटल्या. म्हणाली, "ही तुही धाकटी लई तिखट आहे वं." आणि मला गुळाचा खडा दिला. तो वरून टाकला, हाताला हात लागू नये म्हणून. मी खाल्ला. गूळ चांगला होता.

गावातल्या मास्तरांनी बाबांना सांगितलं, की नागपूरला एक मंडळ आहे, ते आपल्या लोकांच्या मुलामुलींना कॉलेजात शिकवतं. राहणं, जेवण, पुस्तकं, फी, सगळं त्यांचं. अट एवढीच, की घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नसावं आणि घर खरंच गरीब असावं. मुलगी असेल तर तिचा विचार आधी. मंडळाचे साहेब स्वतः येऊन घर पाहतात आणि मग ठरवतात. बाबांनी हे ऐकलं तेव्हा ते बैलांना पाणी दाखवत होते. बैल पिऊन झाले तरी बादली हातात धरून उभे राहिले. घरी आले ते थेट ताईसमोर बसले आणि तिला म्हणाले, "कमल, तू जाशीन का नागपूरले? एकटी?" ताई म्हणाली, "तुम्ही धाडा तं खरं." त्या आठवड्यात आमच्या टोलीत दुसरं बोलणं नव्हतं. मला नागपूर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण ताई सुट्टीत आली की मला सहावीची पुस्तकं शिकवेल असं तिनं कबूल केलं होतं. मी ते पुढचं वर्ष डोळ्यांसमोर आणून बसले होते.

आता चूक कशी झाली ते सांगते. ही चूक आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. साहेब येणार, तोही आपल्यातलाच शिकून मोठा झालेला माणूस, आपल्या झोपडीत जेवणार. टोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, की आपली इज्जत दिसली पाहिजे. आजचे शिकलेले म्हणतील, अरे, गरीब दिसण्यातच फायदा होता. त्यांना काय सांगायचं? बाबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा मेलेलं ढोर ओढणं सोडलं, शिळं मागणं सोडलं, कोणापुढं वाकून उभं राहणं सोडलं. ज्यानं इतकं सोडलं तो पाहुण्यासमोर कटोरा धरील का? मायनं घर सारवलं. कोणी खाट दिली, कोणी सतरंजी दिली. कोंबडा आमचाच होता. एवढ्यावर थांबलं असतं तरी साहेबाला कळलं असतं, कारण त्या खाटेचे पायच तिरपे होते.

पण साहेब येण्याच्या आदल्या दिवशी पाटलीणबाईनं मायला पडवीत बोलावलं. पाटील तेव्हा बैहरकडे लाकडाच्या कामाला गेले होते. ती म्हणाली, "कमल माह्या डोळ्यासमोर वाढली. तिच्या साहेबाले तू जर्मनच्या फुटक्या ताटात वाढशीन का?" आणि तिनं आतून कांस्याची ताटं काढली, वाट्या काढल्या, पाण्याचा पितळी गुंड काढला, एक नवं लुगडं काढलं आणि फडक्यात बांधून चिन्नोर दिला. ज्या घरात आमच्या हातचा लोटा चालत नव्हता, त्या घरातलं ताट आमच्या घरी येत होतं. मायनं म्हटलं, "पाटलीणबाई, पाटील काय म्हणतीन? गाव काय म्हणन?" ती म्हणाली, "काहून सांगतं कोणाले? अंधार पडला की मागच्या गल्लीनं ने, तसंच आणून दे. मी नाही बोलत, तू नको बोलू. घे शपथ." मायनं शपथ घेतली. मग पाटलीणबाईनं दोन गोष्टी शिकवल्या. साहेबासमोर रडगाणं गाऊ नका, रडक्याला कॉलेज कोण देतं. आणि पोटभर आहे म्हणा, कमी आहे म्हणू नका. माय घरी येताना त्या ताटांना पोराला धरावं तसं छातीशी धरून आली, आणि रस्ताभर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी लुगडं आणि तांदूळ घेऊन मागं होते. मलाही आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही मला पाटलीणबाईचा दुप्पट राग येतो.

साहेब आले ते दुपारच्या बसनं. मध्यमवयीन माणूस, पांढरा सदरा, चष्मा, चपला दारातच काढल्या. चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. दारातच थांबून त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, "चिन्नोर शिजतो आहे का?" मायनं हौ म्हटलं. साहेबांनी सगळं पाहिलं, गुंड, सतरंजी, मायचं लुगडं. बाबा त्यांच्यासमोर ताठ बसले. साहेबांनी विचारलं, "शेती किती आहे?" बाबा म्हणाले, "आपली नाही जी. पण कोणासमोर हात पसरत नाही. दोन वक्ताचं पोटभर आहे." जेवायला साहेबांना आणि बाबांना एकत्र वाढलं. साहेबांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ताट जड आहे," म्हणाले. मग मायला विचारलं, "ताई, हा भात नेहमीचा का?" मायला पाटलीणबाईचं बोलणं आठवलं असेल, किंवा तिला तेव्हा खरंच इज्जत वाटली असेल. ती म्हणाली, "पाहुण्याले आम्ही कमी नाही करत जी."

ताई दारामागं उभी होती. तिच्याशीही साहेब बोलले. काय शिकायचं आहे, एकटी राहशील का, घाबरणार नाहीस ना. तिनं सरळ उत्तरं दिली. त्यांना ती आवडली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हात धुऊन झाल्यावर ते खाटेवर बसले आणि जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "दादा, तुमची मुलगी लाखात एक आहे. पण माझ्याकडं या भागातून एकच जागा आहे. मी काल बिरसा गावाकडच्या एका घरी होतो, तिथं मला बसायला फळी नव्हती. तुम्ही थोडं ओढून धरलं तर मुलीला बालाघाटला तरी शिकवू शकाल. त्या घराला दुसरा कोणीच नाही." तेव्हा ताई दारामागून पुढं आली आणि म्हणाली, "साहेब, हे ताटं..." एवढंच बोलली. मायनं तिचं मनगट धरलं. मायची बांगडी फुटून तिचा तुकडा ताईच्या हातात घुसला, तरी तिनं सोडलं नाही. बाबा म्हणाले, "कमल, साहेबाले पाणी दे." तिनं दिलं. पितळी गुंडातलं पाणी. साहेब प्याले आणि बसला गेले.

हे लिहिताना ऋतुजा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजी, मोठ्या आजीनं बोलून द्यायचं होतं ना. एका वाक्याचं तं काम होतं." आजच्या मुलींना बोलून देणं सोपं वाटतं. मायनं शपथ घेतली होती आणि आमच्या घरात बाहेरून मिळालेला तो पहिला मान होता. तो मान खोटा होता हे साहेबासमोर सांगणं म्हणजे बाबांचं धोतर सोडणं. ताईला ते जमलं नाही. मला जमलं असतं, पण मी तेव्हा चुलीपाशी होते आणि मला कोणी विचारत नव्हतं.

अंधार पडल्यावर ताटं परत न्यायला मायनं मला पाठवलं. ती स्वतः आडवी पडली होती. पाटलीणबाई गोठ्यामागं वाटच पाहत होती. मी ओझं उतरवायच्या आतच तिनं विचारलं, "नाही म्हणला ना?" मी म्हटलं, "तुम्हाले कोण सांगितलं?" ती म्हणाली, "मास्तर म्हणले होते मले, तो घर पाहते. भरलं दिसलं की देत नाही." आणि हसली. तेच सुंदर हसणं. म्हणाली, "माहा पोरगा इथं घरी बसन आन् तुमची कमल नागपूरले कॉलेजात जाईन? मंग रोवणा कोण करन वं, मी?" मी ओझं खाली ठेवलं. ती म्हणाली, "जाय, सांग तुह्या मायले. काय सांगशीन? पाटलीणबाईनं ताटं देल्ली, तांदूळ देल्ला, लुगडं देल्लं. उपकारच केले ना?" मग तिनं मला ताटं राखेनं घासायला लावली. घासून झाल्यावर तिनं तुसाचा विस्तव केला आणि एकेक ताट चिमट्यानं धरून त्याच्यावर शेकलं. शुद्ध करत होती. हिरालाल पलीकडं कंदील धरून उभा होता. मी ते सगळं नीट पाहून घेतलं.

घरी येऊन मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "माणूस एवढं वाईट नसते, शेवंते. तुले ऐकायले चुकलं असन." ताईनं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर तिनं मोठ्यानं वाचणं बंद केलं. पाऊस लागला, बांध्या भरल्या आणि मॅट्रिक पास झालेली आमची ताई गुडघाभर चिखलात वाकून पाटलीणबाईच्या धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करू लागली. पाटलीणबाई छत्री घेऊन शेताच्या धुऱ्यावर यायची. "मॅट्रिकबाई, ओळ सरळ धर. मॅट्रिकबाई, इंग्रजीत रोवतं का?" बाकीच्या बाया हसायच्या. त्यांनाही मजुरी तिच्याकडूनच घ्यायची होती, मी त्यांना दोष देत नाही. पण कोण कोण हसलं हे माझ्या लक्षात आहे. ताई कधी मान वर करत नसे. मी तिच्या शेजारी रोवायची आणि मनात म्हणायची, थांब.

धान कापून झालं, खळी झाली, लग्नाचे दिवस आले. हिरालालसाठी वारासिवनीकडचं एक मोठं घर पाहायला येणार होतं. आमच्याकडं मुलीवालेही मुलाचं घर पाहतात. वाडगं, गुरं, धानाच्या कोठ्या, सगळं पाहून मग ओसरीत जेवायला बसतात. जेवले की सोयरीक झाली असं समजायचं. पाटलीणबाईला हे घर फार हवं होतं. मुलीचा बाप कर्मठ माणूस, जातीच्या पंचायतीत बसणारा, प्रवासात स्वतःचा लोटा सोबत ठेवणारा. आम्हाला आठवडाभर आधीपासून कांडायला लावलं. चिन्नोरच. मायला अंगणापलीकडं गोठ्याकडच्या बाजूला बसवलं होतं आणि मला पत्रावळी उचलायला. म्हटलं होतं, ओसरीकडं पायही टाकायचा नाही.

गड्यामाणसांना पत्रावळी होत्या. पाहुण्यांना कांस्याची ताटं. मी गोठ्याच्या दारातून पाहिलं आणि ताटं ओळखली. तीच होती. पंगत बसली. पाटील स्वतः तूप वाढत होते, पाटलीणबाई आतल्या दारात पदर सावरून उभी होती, हिरालाल नव्या टोपीत पाहुण्यांच्या मागं. मुलीच्या बापानं चित्राहुती घातली, भात कालवला आणि जेवायला लागला. "चिन्नोर घरचा दिसते," म्हणाला. मी जरा वेळ उभी राहिले. मग अंगणाच्या मधोमध चालत गेले, जिथं आमच्यापैकी कोणी कधी उभं राहिलं नव्हतं, आणि म्हटलं, "पाटलीणबाई, मायनं विचारलं आहे. हे ताटं आमच्या घरी परत केव्हा देसान?"

पाटील म्हणाले, "काय म्हणते ही?" मुलीच्या बापानं माझ्याकडं पाहिलं. "कोणाची पोर आहे?" मी म्हटलं, "बौद्ध टोलीतली जी. मागं आमच्या घरी साहेब आलते तवा पाटलीणबाईनं हेच ताटं देल्ले. तुमच्यासमोर आहे त्याच्यात माहा बाप जेवला." पाटलीणबाई दारातून ओरडली, "खोटं बोलते मेली, हाकला तिले." आणि तिथंच संपलं असतं. माझ्यासारख्या पोरीचं कोण ऐकणार होतं? दोन गडी माझ्याकडं निघालेही होते. पण हिरालालला वाटलं आपण सोयऱ्याची समजूत काढावी. तो वाकून त्या माणसाला म्हणाला, "मामाजी, तुम्ही बिलकुल चिंता नोका करू. मायनं सगळे विस्तवावर शेकून शुद्ध केले. मी कंदील धरला होता."

मॅट्रिकला तो दोनदा का राहिला, हे त्या दिवशी वारासिवनीवाल्यांनाही कळलं.

मुलीचा बाप उठला. त्याच्यामागं सगळे उठले. कोणी हात धुतला नाही. खरकट्या हातांनी, बोटांना भात लागलेला, तसेच बैलगाड्यांकडं चालते झाले. पाटील हात जोडून मागं पळत होते. तुपाचं भांडं त्यांच्या हातातच होतं. पाटलीणबाई दारात खाली बसली. मी पहिल्यांदा तिला खाली बसलेली आणि स्वतःला उभी पाहिलं. ती सोयरीक मोडली. पुढं पाटलांना जातीला दंड भरावा लागला, गावजेवण घालावं लागलं. हिरालालला मुलगी मिळाली ती फार उशिरा, फार लांबची. पाटील नंतर बायकोशी कसे वागले ते मला माहीत आहे. ते चांगलं नव्हतं. ते ऐकून मला वाईट वाटायला पाहिजे होतं असं ऋतुजा म्हणते.

ती दुसरंही एक म्हणते. म्हणते, आजी, तू तर त्यांचाच विटाळ वापरला. ज्याच्याविरुद्ध आपले लोक लढले तेच तू त्या अंगणात उभं राहून बोलली. हौ, बोलली. माझ्या घरात हत्यार नव्हतं. तिच्या घरात होतं, तिनंच घासूनपुसून ठेवलेलं. मी ते उचललं. माझा बाप ज्या ताटात जेवला ते ताट घाण झालं असं मी कधीच मानलं नाही. त्यांनी मानलं. मी फक्त त्यांना सांगितलं.

मायनं मला घरी आणून मारलं. "म्या शपथ घेतली होती," म्हणाली. मी म्हटलं, "म्या नव्हती घेतली." मग तिनं आणखी मारलं. आमचं काम त्याच दिवसापासून बंद झालं. पाटलांच्या विहिरीकडची वाट बंद झाली, दुकानवाल्यानं मीठ देणं बंद केलं. टोलीतलेही म्हणू लागले, तुमच्या पोरीपायी आमची मजुरी जाईल. बाबांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, बालाघाटला जाऊ, राइस मिलमध्ये हमाली मिळेल. आवरायला फार काही नव्हतं. हे तीन दिवस ताई माझ्याशी बोलली नव्हती. तिनं मारलं नाही, शाबासकी दिली नाही, काहीच नाही. मला वाटलं तीही मायच्या बाजूची. तिचं कॉलेज माझ्या बोलण्यानं परत येणार नव्हतं. ते मलाही माहीत होतं आणि ते आलंही नाही. बालाघाटला तिनं बिड्या वळल्या, मग लग्न झालं, मग नवऱ्याच्या घरी बिड्या वळल्या.

आम्ही सकाळी निघालो. बाबा आणि माय पुढं, आम्ही दोघी मागं, डोक्यावर बोचकी. कापलेल्या बांध्यांमधून वाट होती, दोन्ही बाजूंना धसकटं आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. रस्त्याला लागल्यावर ताईनं माय ऐकणार नाही इतकं अंतर पडू दिलं आणि समोर पाहतच विचारलं, "सगळे उठले?"

मी म्हटलं, "हौ."

"हात न धुता?"

"न धुता."

ती थोडं चालली. बोचकं एका हातानं सरकवलं. "आन् त्या पोरीच्या बापानं घास खाल्लता का तोवर? का तसाच हातात होता?"

"खाल्लता."

"थुकला असन मंग."

"कसा थुकन?" मी म्हटलं. "त्यानं गिळेपर्यंत मी थांबलीच होती ना."

ताई रस्त्यात उभी राहिली. बोचकं खाली ठेवलं, पोट धरलं आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मायनं दुरून मागं वळून विचारलं काय झालं. ताईनं पदरानं तोंड पुसलं, बोचकं डोक्यावर घेतलं आणि मला हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."